बोलायची खुर्ची

मेट्रन म्हणजे नेमकं काय, असं लग्नकार्यात कोणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आमचे हे सांगून टाकतात, "पोरींची चौकीदार." नोकरीभर हे ऐकून घेतलं. आता निवृत्त झाले आहे, दिवाळी अंकाने पानंही दिली आहेत, तेव्हा एकदाच काय ते छापील उत्तर देऊन टाकते. आमच्या वसतिगृहाला चौकीदार वेगळा होता. मुलींना रात्री गेटबाहेर जाऊ न देणं हे त्याचं काम. मुलींना कायमचं घरी निघून जाऊ न देणं हे माझं. त्याला काठी दिली होती, मला काहीच दिलं नव्हतं.

नाशिकच्या एका टोकाला फादर आणि सिस्टर मंडळींनी सुरू केलेलं कॉलेज होतं, त्याचं पुढे विद्यापीठ झालं. पाट्या बदलल्या, इमारती वाढल्या, मेसमधलं वरण तेवढं पूर्वीइतकंच पातळ राहिलं. कॅथलिक विद्यापीठ म्हटल्यावर लोकांना वाटतं, आत सगळ्या मुली क्रॉस घालून फिरत असतील. तसं काही नाही. वसईकडच्या, नाशिकमधल्या थोड्या कॅथलिक मुली असायच्या. बाकी सिन्नर, निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा इथल्या शेतकऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या लेकी. मी स्वतः नाशिक रोडच्या बौद्ध घरातली. घरी बुद्धवंदना, कामावर चॅपेलची घंटा. दोन्हीकडे चपला बाहेर काढून गप्प बसायचं असतं, त्यामुळे मला फारसं जड गेलं नाही.

माझ्या खोलीबाहेर 'विद्यार्थी सेवा' अशी पाटी होती. त्या दोन शब्दांत वसतिगृह, मेस, आजारी मुलींची खोली, बसचे पास, हरवलेल्या छत्र्या आणि मोडलेली मनं असं सगळं येत असे. मेसचं सांगायचं तर तिथे जेवणापेक्षा उपवासच जास्त शिजत. सिस्टर लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ, मुलींचे श्रावणी सोमवार, नवरात्र, मुसलमान मुलींचे रोजे. एकदा तर एकाच संध्याकाळी एका शेगडीवर साबुदाण्याची खिचडी, दुसरीवर इफ्तारची भजी आणि तिसरीवर शुक्रवार म्हणून बिनमांसाची आमटी अशी वेळ आली होती. आचारी मला म्हणाला, "ताई, उपवास न करणाऱ्या पोरींचं काय करू?" मी म्हटलं, "त्यांना विचार, आज त्यांना कोणत्या देवाचं चालेल."

पालकही एकेक नमुने. लासलगावकडची एक आई दर भेटीला कांद्याची गोणी घेऊन यायची, कारण आमच्या मेसच्या कांद्याने म्हणे तिच्या मुलीची बुद्धी मंदावत होती. मुलगी वर्गात पहिली आली, तेव्हा तिने त्याचं सगळं श्रेय गोणीला दिलं. आम्ही मान डोलावली, कारण कांदा खरंच चांगला होता.

पण या गमतीजमती जून-जुलै सरल्यानंतरच्या. पहिले काही आठवडे मला गंमत सुचत नसे. नवी मुलगी पहिल्या रात्री रडते, त्याची मला कधी भीती वाटली नाही. रडणारी मुलगी टिकते. जी रडत नाही, जेवणाचं ताट निम्मं ठेवते आणि बॅगेतले कपडे कपाटात लावत नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं. खोलीत गेल्यावर मी आधी बॅग बघायची. बॅग भरलेली दिसली की त्या मुलीला काहीतरी काम सांगायची, मटकी निवडायला बसवायची, फुलझाडांना पाणी घालायला लावायची आणि बोलत राहायची. काय वाटेल ते बोलायची. माझा स्वयंपाक, माझे गुडघे, आमच्या ह्यांचं घोरणं. माणूस बोलायला लागलं की त्याचे पाय त्या जागेत रुजतात, एवढंच माझं शास्त्र.

सगळ्याच रुजल्या नाहीत. सुरगाण्याकडची एक हुशार मुलगी मला धरून ठेवता आली नाही. दिवाळीला गेली ती आलीच नाही, आणि मी चौकशी करेपर्यंत तिच्या हातात हिरवा चुडा होता. त्यानंतर मी चंग बांधला की माझ्या वसतिगृहातून घरच्या ओढीने किंवा मन मोडून एकही मुलगी परत जाणार नाही. जायचंच असेल तर पदवी घेऊन जा, मग मी स्वतः रिक्षा बोलावून देते.

आणि नेमकी अश्विनी गेली.

ते सांगण्याआधी आमच्या सिस्टरांच्या मौनाबद्दल सांगायला हवं. वर्षातून एकदा सगळ्या सिस्टर मिळून आठवडाभराची साधना करतात, त्याला रिट्रीट म्हणतात. बाहेरून एक फादर येतात, सकाळ-संध्याकाळ प्रवचन करतात, आणि त्या आठवड्यात सिस्टर कोणाशीही बोलत नाहीत. एकमेकींशीही नाही. जेवताना कोणीतरी मोठ्याने पवित्र ग्रंथातला उतारा वाचतं आणि बाकीच्या मान खाली घालून जेवतात. वाटेत भेटलं तर किंचित हसायचं आणि पुढे जायचं. ज्या मुलींना वाटे त्याही हे मौन पाळत. आणि इतर जुन्या मुली, धर्म कोणताही असो, त्या आठवड्यात जिन्यांत आणि व्हरांड्यात आवाज करत नसत. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तशी आमच्याकडची रीत होती, आणि दर वर्षी नव्या मुलींच्या पहिल्या सभेत मी ती समजावून सांगायची.

एरवी हे रिट्रीट वर्ष संपता संपता असे, तोवर नव्या मुली रुळलेल्या असत. त्या वर्षी फादरांना वेळ मिळाला तो जुलैत. त्याच वेळी लासलगावला माझ्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि मी रजेवर गेले. अश्विनी प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीतून आली, म्हणजे पहिली सभा होऊन गेल्यावर. कारकुनाने तिला खोलीची किल्ली दिली. वडील तिला गेटपाशी सोडून लगेच फिरले, कारण घरी भाताची लावणी चालू होती. तिकडे घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात त्याला आवणी म्हणतात, आणि आवणीत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

मी शनिवारी सकाळी लासलगावहून आले, फेरी मारली, तर खोलीतला एक पलंग रिकामा. गादीची घडी नीट केलेली. खाली बॅग नाही.

तिची खोलीतली सोबतीण जेनिफर, तिसऱ्या वर्षाची, वसईची. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "बोट काढ आणि तोंड उघड. नवी मुलगी कुठे आहे?"

"काल संध्याकाळी गेली ताई. मला वाटलं वडील घ्यायला आले असतील."

"तिला काय झालं होतं?"

"मला काय माहीत? मी तिला माझी चादर दिली, पाण्याची बाटली भरून दिली, मेसमध्ये शेजारी बसवलं."

"बोललीस का तिच्याशी?"

जेनिफरचा चेहरा उतरला. "मौन होतं ना, ताई."

मी अश्विनीच्या वडिलांना फोन लावला. काशिनाथ त्यांचं नाव. मागे पावसाचा आवाज होता. ते म्हणाले, "पोर घरी हाय बाई. तुमी घोर लावून घेऊ नका. रस्त्यात काय झालं नाय."

"पण ती गेली कशामुळे?"

मग ते म्हणाले, "आता तुमच्यापासून काय लपवायचं. आमाला गावानं वाळीत टाकलंय. वरीस झालं. थोरल्या पोरीनं जातीबाहेर लगीन केलं म्हनून. आमच्याशी कोनी बोलत नाय, दळान देत नाय, सावडीला येत नाय. ही म्हनली, मी शिकाया जाते, तितं आपलं कोनाला ठाव नाय. आन आता म्हनती, तितं बी समद्यांना कळलंय. बायका नुसतं हसत्यात, आन निघून जात्यात."

मी फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. माझ्या आजीच्या हातावर वरून पाणी ओतलं जायचं. चांगल्या मनाने, हसऱ्या तोंडाने, माया म्हणून आम्ही सगळ्यांनी त्या पोरीशी जे केलं, ते तिच्या गावाने वर्षभर केलं होतं. मला रडू आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. कोणावर काढणार? चुकलं म्हणावं तर कोणीच काही वाईट केलेलं नव्हतं.

ऑफिसात गेले तर तिथे दुसरीच घाई. सोमवारी मुलगी वर्गात दिसली नाही तर तिची जागा पुढच्या मुलीला जाणार, नियम तसा. दोन दिवस थांबा म्हटलं, तर म्हणाले, मॅडम, पुढची मुलगी पण कोणाची तरी लेकच आहे. तेही खरंच होतं. म्हणजे जे काय करायचं ते सोमवारच्या आत.

मी थेट चॅपेलमध्ये गेले. आमच्या मुख्य सिस्टर रेजिना पहिल्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्या वसईच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, हाडाच्या, आणि नियमाला इतक्या पक्क्या की त्यांच्या घड्याळावर आम्ही आमची घड्याळं लावत असू. त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण हातातली जपमाळ थांबली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि नंतर दाराकडे. म्हणजे, तुम्ही जा.

"मी जाईन हो," मी म्हटलं. "पण मी जाऊन काय सांगू? तिच्याशी मी अबोला धरलाच नव्हता. तुम्ही धरलात. ती आली तेव्हा तुमच्यासमोर हात जोडून उभी राहिली असेल आणि तुम्ही हसून पुढे गेला असाल. तिच्याशी तुम्हीच बोलायला हवं."

त्यांचीही अडचण मला कळत होती. बाकीच्या सिस्टरांनी ज्यांच्याकडे बघून नियम पाळायचा, त्यांनीच साधना अर्धी सोडून घोटीची बस पकडायची! पण मीही उठले नाही. मनात म्हटलं, बसते इथेच, बघू कोण आधी हलतं. बऱ्याच वेळाने सिस्टर उठल्या, वेदीपुढे वाकल्या, आणि दारातली छत्री घेऊन गेटाकडे चालू लागल्या.

सीबीएस स्टँडवरून आम्ही घोटीची बस पकडली. सिस्टर खिडकीशी, मी शेजारी. जिथे बोलण्याची गरज आहे तिथे बोलेन, बसमध्ये कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. कंडक्टरने विचारलं तरी त्या गप्प, तिकिटं मी काढली. पलीकडच्या बाकावरच्या म्हातारीने बराच वेळ निरखून माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाई मुक्या हायत का?" मी म्हटलं, "आज आहेत." म्हातारीने सिस्टरांकडे अपार कणवेने बघितलं आणि त्यांच्या हातात पेरू ठेवला. सिस्टरांनी तो कपाळाला लावला. मला अशा वेळीही हसू दाबावं लागलं.

घोटीहून काळीपिवळी जीपने गावापर्यंत. टपरीवर मी विचारलं, "काशिनाथभाऊंचं घर कुठे?" टपरीवाला बरण्या पुसू लागला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, तर तो पावसाकडे बघू लागला. कोणी वाईट बोललं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. नुसतं त्या नावाचा माणूस गावात नसल्यासारखे सगळे दुसरीकडे बघत राहिले. सिस्टर रेजिनांनी हे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला तो तिथे.

मग आम्ही शेतांकडे निघालो. सगळीकडे आवणी चालू होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं, तशी प्रत्येक खाचरात बायामाणसांची मोठी रांग वाकलेली, गप्पा, हसणं, एखादी गाणं म्हणणारी. मधल्या एकाच खाचरात तिघंच जण होते, आणि तिथे आवाज नव्हता. वाट विचारायची गरजच उरली नाही.

अश्विनी गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी, अंगावर प्लास्टिकचा कागद. आम्हाला बघून ती सरळ उभी राहिली. आई-वडीलही थांबले. सिस्टर चपला हातात घेऊन बांधावर गेल्या आणि म्हणाल्या, "अश्विनी." बऱ्याच दिवसांनी निघालेला आवाज, तो फाटूनच निघाला.

"मी तुझ्याशी बोलायला आले आहे. तू आलीस तेव्हा मी हसून निघून गेले. आमच्या घरात वर्षातून एकदा आठवडाभर कोणीच बोलत नाही. एकमेकींशीही नाही. देवाचं ऐकू यावं म्हणून आम्ही गप्प बसतो. तुझ्यावर राग नव्हता. तुझ्या घरचं आम्हाला काही ठाऊकही नव्हतं. ती शिक्षा नव्हती गं, आमचा नियम आहे तो."

अश्विनी खाली बघत म्हणाली, "आमच्या गावात पन असंच म्हनतात. शिक्षा नाय, नियम हाय."

सिस्टरांनी चपला बांधावर ठेवल्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि खाचरात उतरल्या.

"द्या इकडे रोप," त्या अश्विनीच्या आईला म्हणाल्या.

"अवो, नका, साडी..." त्या माउलीला काय करावं ते कळेना.

"साडी धुता येते."

आणि सिस्टर वाकून रोपं लावू लागल्या. सवयीचा हात होता. लहानपणी केलेलं काम हाताला आठवत असतं. आता मी एकटी बांधावर छत्री धरून उभी राहणार, हे काही बरं दिसेना. मीही उतरले. मी नाशिक रोडच्या चाळीत वाढलेली, भात मी फक्त कुकरमध्ये बघितलेला. दुसऱ्याच पावलाला माझा पाय चिखलात अडकला आणि मी सपशेल बसले. अश्विनी फिस्सकन हसली, लगेच तोंडावर चिखलाचा हात गेला, आणि गालावर पाचही बोटं उठली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसणं असणार. त्यासाठी मी पुन्हा पडायला तयार होते.

आम्ही लावत होतो तेव्हा शेजारच्या खाचरातल्या बायकांची गाणी थांबली होती. सगळ्या बघत होत्या. पांढरी साडी, गळ्यात क्रॉस, ही कोण बाई आणि या शेतात काय करतेय? अखेर त्यांच्यातली एक वयस्क बाई कंबरेवर हात ठेवून ओरडली, "ओ सिस्टरबाई! इतकी दाट नका लावू. फुटवा यायचा नाय!"

सिस्टर ओरडल्या, "आमच्या वसईला अशीच लावतात!"

"मंग तुमच्या वसईला पीक येत नसंल!"

दोन्हीकडे हशा पिकला. मी काशिनाथभाऊंकडे बघितलं. त्यांचे हात थांबले होते. रोप धरून ते नुसते ऐकत होते. मग अगदी हळू म्हणाले, "राधाक्का हाय ती. वरीस झालं, आमच्या शेताकडं तोंड करून बोलली नव्हती." राधाक्का बोलली ती सिस्टरांशी. गावाने सिस्टरांना वाळीत टाकलं नव्हतं, त्यामुळे तिचा नियमही मोडला नाही. पण शब्द पडले ते या शेतात. काशिनाथभाऊंनी डोळे पुसले. चिखलाचा हात असल्याने ते आणखी चुरचुरले.

ते खाचर उरकून ओट्यावर चहाला बसलो. सिस्टरांनी तक्रारीचा विषय काढला. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, आम्ही बरोबर येतो, म्हणाल्या. काशिनाथभाऊ म्हणाले, "कायदा हाय, ठाव हाय मला. येक तक्रार केली बी हाय. पोलीस त्यांना दम देतील, दळान द्या म्हनतील. पन सिस्टरबाई, गोडीनं बोला, असं पोलीस सांगू शकत्यात का?"

अश्विनीची आई उठून रिकामे कप गोळा करू लागली.

अश्विनीचं मन मला दिसत होतं. यायचं होतं, पण उरलेलं शेत बघून पाय निघत नव्हता. "आवणी राहिली तर वर्षभर खायचं काय?" ती म्हणाली. "तिकडं बसून मला भात गिळवंल का?" वडील म्हणत होते जा, आई म्हणत होती जा, ती मान हलवत होती. मी म्हटलं, "उरलेली आवणी उद्या झाली तर सोमवारी वर्गात बसशील?"

"कोन करनार उद्या?"

"ते माझ्यावर सोड. हो की नाही, तेवढं सांग."

तिने उरलेल्या खाचरांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "झाली तर येईन."

घोटीच्या स्टँडवर येताच सिस्टर रेजिना पुन्हा गप्प झाल्या. थेट नाशिकपर्यंत. आता बोलायचं काम माझं होतं. वसतिगृहात आल्याबरोबर मी मुलींना अंगणात जमवलं आणि म्हटलं, कोणाकोणाला भात लावता येतो? विद्यापीठात श्रमदानाचं शिबिर दर वर्षी होतंच, रस्त्याकडेची झाडं लावून फोटो काढायचं. म्हटलं, या वर्षी रोपं लावा. पेठ-सुरगाण्याच्या, इगतपुरीच्या मुलींनी भराभर हात वर केले. ज्यांना येत नव्हतं त्यांनीही केले, जेनिफरने तर दोन्ही. बसची परवानगी देणारे साहेब आढेवेढे घेऊ लागले. त्यांच्यासमोर मी चिखलाने माखलेल्या साडीतच जाऊन बसले. त्यांच्या सोफ्याची त्यांनाच काळजी वाटून सही झाली.

रविवारी त्या शेतात गावातल्या कोणत्याही सावडीपेक्षा मोठी रांग होती, आणि आवाज तर विचारू नका. जेनिफर दिवसभर अश्विनीच्या शेजारी वाकून बोलत होती, आठवडाभराचं सगळं एकदम. संध्याकाळी अश्विनी स्वतःची बॅग घेऊन आमच्या बसमध्ये चढली. सोमवारी ती वर्गात होती. तिने कपाटात कपडे लावलेले मी डोळ्यांनी बघितले, आणि मगच जेवायला बसले.

रिट्रीट संपल्यावर सिस्टरांनी तिला बोलावलं. तिने विचारलं, "पुढल्या वर्षी पण मौन असेल?" सिस्टर म्हणाल्या, "असेल. पण आमच्या मौनामुळे कोणाला एकटं वाटू नये, याचा उपाय तू सुचव." अश्विनीने सुचवला, आणि तो आजही चालू आहे. मौनाच्या आठवड्यात प्रवेशदाराशी एक खुर्ची ठेवतात. तिच्यावर मुली आळीपाळीने बसतात. दारातून येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं, एवढंच त्या मुलीचं काम. पहिल्या वर्षी पूर्ण आठवडा अश्विनीने ती खुर्ची दुसऱ्या कोणाला दिली नाही. इतकं बोलली की शेवटी तिचा घसा बसला, आणि मला तिच्यासाठी हळद-दूध करावं लागलं.

काशिनाथभाऊ मात्र आमचे सगळ्यात चमत्कारिक पालक ठरले. पालक महिन्यातून एकदा, भेटीच्या रविवारी येतात, मुलीला भेटतात, डबा देतात, जातात. हे सकाळीच यायचे आणि आधी चौकीदाराशी पावसापाण्याचं बोलायचे. मग माळ्याशी. मग आचाऱ्याशी. मग भेटीच्या खोलीत दुसऱ्या पालकांशी. सिस्टर एकदा म्हणाल्या, "भाऊ, अश्विनी वाट बघतेय." ते म्हणाले, "भेटतो की. आदी च्यार शब्द बोलू द्या." नवे पालक कुजबुजत, हा माणूस फार बडबड्या आहे. आम्ही जुन्यांनी त्यांना कधी थांबवलं नाही. गावात पुढे थोडं सैल झालं, तक्रारीमुळे गिरणी सुरू झाली, राधाक्का बोलू लागली. काही घरं अजूनही बोलत नाहीत. अश्विनी शिकून घोटीला शिक्षिका झाली, तरी काशिनाथभाऊंनी आमच्याकडे यायचं सोडलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीही रिट्रीट जुलैत आलं. भेटीचा रविवार होता. दाराच्या खुर्चीवरची मुलगी जेवायला गेली होती आणि तिच्या जागेवर दुसरी अजून यायची होती. मी जिन्यावरून खाली येत होते, तेव्हा दारात एक नवी मुलगी पत्र्याची पेटी घेऊन उभी दिसली. समोरून दोन सिस्टर आल्या, तिच्याकडे बघून हसल्या आणि गेल्या. मुलगी गोंधळली. मागून एक मोठी मुलगी आली, तीही हसून गेली. त्या पोरीचा चेहरा कसा होत गेला, ते मी वरून बघितलं, आणि माझ्या गुडघ्यांना विसरून धावले.

मी पोचायच्या आत भेटीच्या खोलीतून काशिनाथभाऊ उठून आले होते. त्यांनी तिची पेटी उचलून बाजूला ठेवली, ती खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः समोर उकिडवे बसले.

"बस पोरी, बस. घाबरू नको," ते म्हणाले. "इतं गप बसनं म्हंजी राग नाय बरं का. मला ठाव हाय, रागाचं गप बसनं येगळं असतं. कंचं गाव तुजं?"